झडप बंद असताना

गोडादऱ्यातलं आमचं घर आम्ही दोघा भावांनी मिळून बांधलं. खालचा मजला माझा, वरचा धाकट्याचा. मी पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका पेढीवर हिशेब लिहितो, तो पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये बारा तासांची पाळी करतो. पारोळ्याकडून आम्ही सुरतेत आलो तेव्हा एका खोलीत राहिलो, पुढे दोन खोल्यांत राहिलो, आणि म्हातारपणही एकाच घरात काढायचं असं आमचं ठरलेलं होतं. ते राहून गेलं. कसं राहून गेलं ते सांगायचं तर गटारीबद्दल सांगावं लागतं.

आमच्या सोसायटीच्या मागून खाडी जाते. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की खाडीचं पाणी पुढे सरकत नाही, आणि मग रस्त्याखालची ड्रेनेजची लाइन तुंबते. पहिल्या वर्षी आम्हाला हे माहीत नव्हतं. दाराला फळी लावून, कडेला गोणपाट कोंबून आम्ही दोघं भाऊ रस्त्याकडे बघत उभे होतो. रस्त्यावरचं पाणी उंबऱ्याला लागलंही नव्हतं, तोवर बायको आतून म्हणाली, "तुम्ही पुढे पहारा करा, ते मागून आलंय." संडासाच्या भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर येत होतं. खालच्या तिन्ही खोल्यांत घोटाभर झालं. पीठ, गाद्या, शिलाई मशीन, सगळं वर धाकट्याकडे नेलं आणि चार दिवस आम्ही वरच राहिलो.

पाणी ओसरल्यावर चौकातल्या प्लंबरला बोलावलं. माणूस बोलका होता. माझ्या पायरीजवळच्या कुंडीचं, म्हणजे ड्रेनेजच्या चेंबरचं, झाकण काढून त्यानं आत बघितलं आणि म्हणाला, "काका, इसमें वन-वे लगा देते हैं." एकतर्फी झडप. घरातलं पाणी बाहेर जाईल, बाहेरचं आत येणार नाही.

मी विचारलं, "और बाहर पानी भरा हो तब घर का कहाँ जाएगा?"

"तब घर का घर में. दो-चार घंटा संभाल लेना." मग बायकोकडे बघून म्हणाला, "नहीं तो बारिश में काकी को मायके भेज दो, आधा लोड कम."

"काकांनाच पाठवते भावजींच्या मिलमध्ये," बायको म्हणाली. "लोड सगळा त्यांचाच आहे."

झडप बसली आणि चांगली चालली. त्यानंतर आमच्या घरात बाहेरचं पाणी आजवर आलेलं नाही. अडचण एकच होती. झडप मिटलेली असताना वरच्या मजल्यावर कुणी पाणी सोडलं तर तेही त्याच कुंडीत यायचं आणि बाहेर वाट नसल्यानं माझ्या संडासातून वर आलं असतं. हे धाकट्याच्या माझ्याआधी लक्षात आलं. तोच म्हणाला, "दादा, तू सांगशील तेव्हाच आम्ही पाणी सोडू. काही काळजी करू नको." घरात आम्ही अहिराणी बोलतो, इथं मी मराठीत सांगतोय, पण त्याचं बोलणं असंच होतं, कमी आणि सरळ.

मग मी पद्धत ठरवली. मोजता येईल ते मोजून ठेवायची माझी सवय आहे. झडपेच्या अलीकडे कुंडी आणि पाइप मिळून साधारण शंभर लिटर पाणी मावतं, असा हिशेब निघाला. तेवढ्यावर मी कुंडीत रेघ मारली. म्हणजे झडप मिटली तरी लगेच सगळं बंद ठेवायची गरज नाही. अंघोळ नाही, कपडे नाहीत, भांडी पुसून ठेवायची. पण ज्याला जायचं आहे त्यानं जावं, लहान बादलीनं पाणी टाकावं, आणि जाण्याआधी मला विचारावं, म्हणजे मी कुंडी बघून सांगेन. माणशी वाटा मी काढलेला होता. कुणाला कमी नव्हता.

पहिले दोन पावसाळे हे व्यवस्थित पार पडलं. मी कुंडी बघायचो आणि पुढचं काम बायको करायची. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून ती हाक मारायची, "अगं ए, मिटली गं झडप. पोटं आवरा."

वरून भावजय ओरडायची, "ताई, मी अर्ध्यात आहे, आता काय करू?"

"अर्धं झालं ते झालं. बाकीचं ओहोटीला."

दोघी जावा हसायच्या. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचो, कारण ते माझ्या कानावर पडायचं नसतं. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही. मी समोर आलो की ती पदर डोक्यावर घेते आणि बाजूला होते. लग्न होऊन ती आली तेव्हापासून, पाया पडल्यावरचा आशीर्वाद सोडला तर, आम्ही एकमेकांशी एक वाक्य बोललो नव्हतो. यात राग नाही, तुटकपणाही नाही. मला ताप आला की माझ्यासाठी वेगळी भाकरी तीच करून पाठवायची. न बोलणं हाच आमच्यातला मान होता, आणि तो दोघांनीही पाळला.

तिसऱ्या पावसाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी बायको नाशिकला गेली. मी खाली एकटा. माझं जेवण वरून यायचं, धाकटी पुतणी ताट घेऊन उतरायची. बायकोच्या हाकेची सोय आता नव्हती म्हणून मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहायला लागलो. "झडप बंद." काही तासांनी, "झडप उघडली." मिलमधून धाकटा अंगठा दाखवायचा. भावजयही त्या ग्रुपवर होती. तिनं वाचल्याचं दिसायचं, पण मी त्या ग्रुपवर आहे म्हणून तिनं तिथं कधीच काही लिहिलेलं नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटलंही नाही.

त्या वर्षी पावसाची झड लागली ती हटेना. मार्केट बंद होतं, मी घरीच होतो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा झडप मिटणार. कधी ओहोटी लागली तरी खाडी उतरायची नाही आणि सकाळी मिटलेली झडप संध्याकाळीच उघडायची. मिल चालू होती, त्यामुळे धाकटा पहाटे जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. वर भावजय आणि दोन पोरी.

पोरींना कसला संकोच नव्हता. जिन्यातून वाकून धाकटी विचारायची, "मोटा पप्पा, जाऊं के?" शाळेमुळे तिच्या तोंडी गुजरातीच जास्त.

"जा. एकच बादली."

"अर्धीच टाकते."

"अर्धीनं काय होणार आहे? एक टाक."

थोरली जरा लाजायची, पण विचारायची. मी छत्री घेऊन कुंडी बघायचो, हो म्हणायचो. नाही असं मी एकदाही म्हटलेलं नाही. उलट मला बरं वाटत होतं, कारण कुंडी माझ्या हिशेबापेक्षा कमी भरत होती. रेघेपर्यंत पाणी कधी गेलंच नाही. वरची माणसं जपून वापरतायत, आपली पद्धत लागू पडली, असा मी त्याचा अर्थ लावला. बायकोला फोनवर तसं सांगितलंही.

पाऊस उघडायला लागला त्या दुपारी थोरली पुतणी खाली आली. मम्मीला थंडी वाजतेय, दात वाजतायत, म्हणाली. मी वर गेलो. भावजय गोधडीत आखडून पडली होती आणि पदर डोक्यावर ओढायला तिचा हात वर होत नव्हता. शेजारच्या बाईला बोलावलं, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. धाकट्याला फोन केला, पण पलसाण्याहून यायला त्याला वेळ लागणार होता.

तपासणी झाल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. घरातला मोठा मीच होतो, म्हणून मला विचारलं, "ह्या पाणी कमी पितात का? लघवी दाबून ठेवायची सवय आहे?" संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता.

मी म्हणालो, "घरात पाण्याची काही अडचण नाही. टाकी भरलेली असते."

माझ्या शेजारी उभी असलेली थोरली म्हणाली, "मम्मी पाणीच पीत नव्हती. झडप बंद होती ना." डॉक्टरांना झडप म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना कुंडी, खाडी, भरती हे सगळं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो.

धाकटा आला तो मिलच्या कपड्यांत, हाताला कोपरापर्यंत निळा रंग. तो आत जाऊन बसला. बाहेर आल्यावर मी बोलायच्या आत म्हणाला, "तू तरी काय करशील, दादा." तो हे मनापासून म्हणाला. चिडला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

ती बरी झाली. सलाईन, इंजेक्शनं, आठवड्यानं घरी आली. तोवर बायको नाशिकहून आली होती. तिला मी सगळं क्रमानं सांगितलं, कुंडी कमी भरत होती तेही सांगितलं.

"तुम्ही तिचा वाटा काढला होता," ती म्हणाली. "पण तो तिनं मागायचा कसा?"

"पोरी विचारायच्याच की."

"पोरी स्वतःपुरतं विचारायच्या."

"त्यांच्याकडून तिनंही विचारलं असतं तर?"

"काय सांगून पाठवणार पोरीला? आईला जायचंय, मोठ्या पप्पांना विचारून ये, असं? तिनं परवानगी द्यायची असती तर तुम्ही गेला असतात का?"

बायको उठली, भावजयीसाठी केलेली पेज गाळली आणि वर घेऊन गेली.

पावसाळा सरल्यावर मी ड्रेनेजची कामं करणाऱ्या एका सर्व्हिसची गाडी बोलावली. छापील टी-शर्ट घातलेले दोघं आले, यंत्रानं पाइप धुतले, झडप साफ केली. त्यातला एक म्हणाला, "ऊपर का लाइन झडप के पीछे क्यों डाला? ऊपर का अलग निकालो, झडप के आगे जोड़ दो. ऊँचाई है, उसमें पानी वापस नहीं चढ़ेगा." म्हणजे वरच्यांना विचारायचा प्रश्नच उरत नव्हता. चौकातल्या प्लंबरला मी पुढे भेटलो तेव्हा विचारलं की हे तेव्हाच का नाही सांगितलं. तो कामातून मान वर न करता म्हणाला, "काका, तुमने नीचे का पूछा था." त्याचं खरं होतं. मी खालचंच विचारलं होतं.

वरची लाइन वेगळी काढून घेतली. पुढची फरशी उखडली, नवा पाइप भिंतीवरून उतरवला. धाकटा त्या दिवशी सुट्टी काढून मदतीला थांबला. काम झाल्यावर त्यानं वर जाऊन बादल्याच्या बादल्या ओतल्या आणि मी खाली माझी कुंडी कोरडी असल्याचं बघत राहिलो. "झकास झालं, दादा," तो म्हणाला. मग तिथंच हात धूत म्हणाला, "मिलजवळ एक जागा बघितलीय. जाण्यायेण्यात फार वेळ जातो."

मी म्हणालो, "आता तर सगळं नीट झालं."

"हो, नीट झालं," तो म्हणाला.

दिवाळीनंतर ते गेले. सामान टेम्पोत चढवायला मीही हात लावला. जाताना भावजय पदर घेऊन खाली वाकली, पाया पडली. मी सुखी राहा म्हणालो, ते नेहमी म्हणतो तसंच. वरचा मजला बंद ठेवणं बरं नाही म्हणून आता तिथं यवतमाळकडचं एक कुटुंब भाड्यानं आहे. भर पावसात रात्रंदिवस त्यांच्या पाण्याचा आवाज भिंतीतल्या पाइपातून येतो आणि मला कुणी काही विचारत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही दोघं पलसाण्याला त्यांच्याकडे गेलो. जागा लहान आहे, पण स्वच्छ. जेवणं झाली, धाकटा पान आणायला खाली उतरला, पोरी खेळायला गेल्या. भावजयीनं चहा आणून माझ्यासमोर ठेवला आणि बायकोशेजारी दाराच्या आड बसली. वाटेत येताना मी मनाशी ठरवलं होतं. मी तिच्याकडे न बघता, पण तिलाच म्हणालो, "वरची लाइन वेगळी केलीय. आता कुणाला काही विचारावं लागत नाही. भाडेकरूंना सांगायला मला वेळ लागणार नाही. तुम्ही परत या."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. पदर भावजयीनं आणखी पुढे ओढला असावा, बांगड्यांचा आवाज आला. मग ती हळू आवाजात बायकोला म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, चहा गार होतोय."

बायको मला काही म्हणाली नाही. मी ऐकलंच होतं. मी कप उचलला.