गुरुजींच्या पोटात त्या दिवशी खीर नव्हती

गुरुजी खीर खाऊन मेले नाहीत.

आज त्यांचं वर्षश्राद्ध झालं. घरी येऊन आधी हे वाक्य लिहिलं, कारण वर्षभर मी उलटंच ऐकतोय. उंद्रीच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर, माझ्या दुकानातसुद्धा.

"शुगर होती, तरी पितरपाटात हाणली असंल खीर." वर हसणं.

मी मोटार रिवाइंडिंग करतो. कोणी शिकवलं नाही, जळालेल्या मोटारी उघडून शिकलो. मोटार जळाली की गिऱ्हाईक न उघडताच कारण सांगतं. मी आधी उघडतो, मग बोलतो.

गुरुजींबद्दलही तसंच बोलणार आहे. त्यांना बुलढाण्याला माझ्याच गाडीत नेलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागातली लग्नं, वास्तुशांती, श्राद्धं गुरुजींनी केली. ज्या माणसाचं काम दुसऱ्याच्या घरी गोड खाण्याचं, त्याला डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं.

आणि त्यांनी खरंच बंद केलं.

सत्यनारायणाचा शिरा हातावर घ्यायचे, कपाळाला लावायचे, एक कण जिभेवर ठेवायचे. बाकीचा शेजारच्याच्या हातावर.

आमच्या घरच्या पूजेला माझ्या चुलत्यानं छेडलं, "काऊन गुरुजी, देवाच्या शिऱ्यानंबी शुगर वाढते का?"

"देवाची नाही वाढत," गुरुजी म्हणाले. "माही वाढते."

शिध्यात तांदळाऐवजी ज्वारी मागून घेत. चहा बिनसाखरेचा. श्राद्धाला खीर चमचाभर, तीही विधी मोडू नये म्हणून.

दारात स्कूटर असून गावोगाव पायी जायला लागले. सदरा खांद्यावरून उतरायला लागला. लोकांना वाटलं, खंगले. रिपोर्ट मात्र सुधारत गेला.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, शुगर उतरलीय, आता गोळीचा डोस कमी करावा लागेल, तपासून जा. हे मला नंतर काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं सांगितलं.

गुरुजी त्यांना म्हणाले होते, पितरपाट संपू दे, मग जातो. लोकांचे पितर खोळंबतात.

पितरपाटाच्या, म्हणजे पितृपक्षाच्या, शेवटच्या दिवशी, सर्वपित्री अमावस्येला सकाळी त्यांनी गोळी घेतली. जुन्याच डोसाची.

श्राद्ध सांगणारा माणूस विधीआधी खात नाही. म्हणून पोटात काही नाही. तसेच पायी शेजारच्या गावी गेले. एका घरचं श्राद्ध उरकलं, तिथला शिधा घेतला आणि दुसऱ्या घरी गेले. जेवण तिथं ठरलं होतं. श्राद्धाचं जेवण ते दिवसात एकाच घरी घेत.

त्या घरचा धाकटा भाऊ बुलढाण्याहून यायचा होता. त्याची बस हुकली. त्याच्यासाठी विधी थांबला. गुरुजी पाटावर बसून राहिले.

मग त्यांना घाम फुटला. हात थरथरायला लागले.

तो आला, विधी सुरू झाला. ज्या माणसाला घराघराच्या तीन पिढ्या पाठ, त्यानं यजमानाच्या वडिलांचं नाव चुकवलं. सांगितलं, तरी पुन्हा चुकवलं. घरचे म्हणाले, थकले. कोणी वारा घातला.

सूनबाईनं गुळाचं पाणी आणलं. ग्लास त्यांच्या तोंडाशी नेला, तेवढ्यात यजमानानं तिला अडवलं.

"गोड नको देऊ बाई. त्यायले शुगर हाये."

ग्लास बाजूला ठेवला गेला.

हे मला त्या सूनबाईनंच सांगितलं.

फोन आला म्हणून मी गाडी घेऊन पोचलो, तेव्हा गुरुजी बोलण्याच्या पलीकडे होते. खिरीचं पातेलं त्यांच्यापासून हातभर अंतरावर. झाकलेलं.

बुलढाण्याला दवाखान्यात मीटर लावलं. शुगर वाढलेली नव्हती. तळाला गेली होती.

ग्लुकोज चढवलं. गुरुजी शुद्धीवर आलेच नाहीत. गावात घट बसले आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. त्यांनी न कंटाळता सांगितलं. चालण्यानं आणि पथ्यानं शुगर आधीच उतरलेली, गोळी तेवढीच, वर रिकामं पोट आणि पायपीट. गिळता येत होतं तोवर काहीही गोड तोंडात गेलं असतं, तर बहुतेक उठून बसले असते.

म्हणजे जी खीर खाल्ली म्हणून लोक हसतात, ती खाल्ली असती तर गुरुजी आज असते.

त्या यजमानाचं नाव मी लिहिणार नाही. त्यानं काळजीपोटीच अडवलं. कमेंटमध्ये विचारू नका.

पण जे रोज चालतात, भातावरून भाकरीवर आलेत आणि ज्यांची गोळीही चालू आहे, त्यांनी हे नीट वाचा. शुगर उतरली की डॉक्टरकडे जाऊन डोसचं विचारा. आपल्या मनानं बंद करू नका. गोळी घेऊन उपाशी राहू नका. आणि शुगरचा माणूस घामानं भिजून बरळायला लागला, गिळता येत असलं, तर आधी साखर द्या. गाडी मग शोधा.

आज वर्षश्राद्ध सांगायला देऊळगाव राजाहून एक वयस्कर गुरुजी आले होते. ते पाटावर बसायला गेले, तर काकूंनी विचारलं, शुगरची गोळी घेता का. ते म्हणाले, घेऊनच निघालो.

काकू आत गेल्या आणि ताट वाढून आणलं. भाकरी, वरण, मेथीची भाजी.

गुरुजींचे धाकटे भाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, अजून दादाचा घास नाही ठेवला."

"तुमच्या दादाले आता भूक नाही लागत," काकू म्हणाल्या. "यायले लागते. जेवा हो तुम्ही."

ते गुरुजी आधी संकोचले, मग जेवले. आम्ही सगळे बसून राहिलो. त्यांनी हात धुतल्यावर विधी सुरू झाला.

गुरुजी, तुम्ही जिभेपायी गेला नाहीत. एवढं चारचौघांत सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगितलं.

हात जोडून शेवटचा नमस्कार.