लालसूच्या नावापुढचं शून्य

खाणीच्या मॅनेजरसाहेबांनी स्कोअरबुक माझ्यासमोर आपटलं. सहा मॅच, आणि लालसूच्या नावापुढे सहाही वेळा शून्य.

"डिफेन्स ठीक आहे, मास्तर. पण बास्केट? याला पर्मनंट कशाला करायचं? रिपोर्ट द्या."

चांद्याजवळच्या एका कोळसा खाणीत मी तेव्हा पी.टी. मास्तर होतो. खाणीची बास्केटबॉल टीम माझ्याकडे होती. लालसू आमचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा सगळ्यात उंच गडी. गडचिरोलीकडच्या जंगलातला. समोरच्यांचा बॉल असा अडवायचा की बघणारे टाळ्या पिटायचे. आपला बॉल हातात आला की मात्र विस्तव लागल्यासारखा दत्तूला, आमच्या हुकमी नेमबाजाला, देऊन टाकायचा. नोकरीत तो बदली कामगार. टीममध्ये टिकला तरच पक्का होणार होता. त्या भरवशावर बायको-मुलीला खाणीच्या चाळीत घेऊन आला होता. मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती.

मी त्याला बोलावलं. "अरे बाबा, एकदा तरी बास्केटकडे फेक!"

"मले नाई जमत, मास्तर. दत्तूभाऊ फेकते ना. मी उभा राह्यतो."

"नुसतं उभं राहून काय होतं?"

मी रिपोर्टात लिहिलं, 'चढाईत उपयोग शून्य.' आठवड्याच्या आत त्याचं नाव कटलं. जाताना डोक्यावर गाठोडं होतं, बायकोच्या हातात मुलीची पाटी. मला बघून त्याने हात जोडले. खरं सांगतो, मला तेव्हा काहीसुद्धा वाटलं नाही.

फायनलला दत्तूची पार दैना झाली. सीझनभर धडाधड बास्केट टाकणारा गडी, पण त्या दिवशी बॉल घेतला की दोघं अंगावर. आम्ही सपाटून हरलो. तिथे बाकावर बसल्या बसल्या माझ्या टाळक्यात उजेड पडला. लालसू उभा राहायचा तो दत्तू आणि त्याला धरणारा यांच्या बरोबर मधे. त्याला वळसा घालून कुणी येईपर्यंत दत्तूचा बॉल जाळीतून खाली. याला स्क्रीन म्हणतात. मी हे पोरांना शिकवलंही होतं! डोंबल माझं मास्तरपण.

लालसूला परत घ्या म्हणून साहेबांकडे धावलो. "टीम बंद केली मी," ते फाइलीतून मान वर न काढता म्हणाले. "आता सेंटर काय करायचा?"

निदान माफी तरी मागावी म्हणून चामोर्शीपर्यंत बसने गेलो, पुढे पायी. लालसूचा सगळा गाव शिकारीला निघाला होता. त्याने मला एका मोहाच्या झाडाखाली उभं केलं. "इथीच राहा, मास्तर. डुक्कर इकडून नाई निंगलं पायजे."

डुक्कर दुसरीकडेच पडलं. मग पानांवर मटणाचे वाटे मांडले. त्यातला एक लालसूने माझ्यापुढे ठेवला, बाण मारणाऱ्याच्या वाट्याएवढाच.

"अरे, मी काय केलं? नुसता उभा होतो."

"उभा राह्यते त्याले बी सारखाच वाटा, मास्तर. तुम्ही इकडे होते म्हणून ते तिकडे गेलं."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. त्याची मुलगी अंगणात मोहफुलं निवडत बसली होती. तिची शाळा आता कायमची सुटली होती, आणि ती मी सोडवली होती. माफी न मागताच मी परतीची बस धरली.

स्कोअरबुकात उभं राहणाऱ्याचा रकाना नसतो. पेन्सिलीने आखायला मला एक मिनिट लागलं असतं.