चौथी मूठ

आमच्या शाळेत बाळंतपणाचा नंबर लागायचा, रेशनच्या दुकानात लागतो तसा. जूनच्या पहिल्या मीटिंगमध्ये वेळापत्रकं वाटून झाली, खडूच्या पेट्या मोजून झाल्या, की मुख्याध्यापक सर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारायचे, "यंदा कोण?" गॅदरिंगला निवेदन कोण करणार, असं विचारावं त्या आवाजात. आम्हा अकरा बायकांपैकी एकजण मान खाली घालून म्हणायची, "मी, सर." सर पेन्सिलीने कॅलेंडरच्या कोपऱ्यात एक ठिपका काढायचे. संपली मीटिंग. चहा यायचा.

एका वर्षी एकच ठिपका. शाळा विनाअनुदानित, जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. बदली बाई एकच मिळते, दोघी गेल्या तर वर्ग कोण सांभाळणार, हे सरांचं म्हणणं. हे लेखी कुठेच नव्हतं. लेखी असतं तर कुणीतरी तो कागद घेऊन कुठेतरी अर्ज केला असता. पेन्सिलीच्या ठिपक्याविरुद्ध अर्ज कुणाकडे करणार? माझ्या आधी गणिताच्या एका मॅडमला नंबर नसताना दिवस गेले होते. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा स्टाफरूममधल्या त्यांच्या खुर्चीवर त्यांची उशी तेवढी उरली होती. पाठीला लावायची, लाल खोळीची. मी कामाला लागले तेव्हा ती उशी मला मिळाली. चांगली होती, कापूस आमच्याकडचाच होता.

त्या जूनमध्ये "मी, सर" म्हणाली ती आमची अक्का. हिंदी शिकवायची. वयाने आम्हा सगळ्यांत मोठी नव्हती, पण आवाज असा की पाचवी ते दहावीची पोरं तिला अक्का मॅडम म्हणत आणि आम्ही नुसतं अक्का. लग्नाला नऊ वर्षं झालेली. दोनदा तिने आपला नंबर लहान पोरींना देऊन टाकला होता, मला काय घाई आहे म्हणत. आता धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वय पळतंय, दिवाळीत उपचार सुरू करू, पुढे ढकलू नका. सरांनी ठिपका काढला. अक्काने टेबलाखाली माझा हात दाबला. मी तिच्या शेजारीच बसले होते, आणि मला सहा आठवडे झाले होते.

मी विज्ञान शिकवते. विज्ञानाच्या बाईला प्रयोगशाळेत अ‍ॅप्रन असतो, हे देवाने माझ्यासाठीच करून ठेवलं असावं. दुसऱ्या दिवशी बाजारातून मी असा अ‍ॅप्रन आणला की त्यात मी, माझं पोट, पाचोऱ्याचा अख्खा आठवडी बाजार आणि वर दोन बैल मावले असते. ओकाऱ्यांचा बंदोबस्त त्याहून सोपा होता. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड नववीला एकदा करून दाखवायचा असतो. मी तो त्या दीड महिन्यात इतक्यांदा केला की शेजारच्या केळीच्या बागेतले घड पिवळे होण्याऐवजी हिरवेच गळायला लागले म्हणतात. वर्गात मळमळलं की, "चला रे, प्रयोग." पोरं नाकाला रुमाल लावून खोकायची, मी खिडकीतून डोकं बाहेर काढून मोकळी व्हायचे. सर एकदा दारात येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखी प्रॅक्टिकलची आवड सगळ्यांना हवी."

घरी दोघांनाच माहीत होतं. नवरा नरडाण्याच्या कंपनीत, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. त्याच्या पोटात गुपित राहायचं, कारण त्याला बोलायला वेळच नसायचा. दुसऱ्या म्हणजे सासूबाई. त्या शिंदखेड्याकडच्या, तोंडात अहिराणी आणि कमरेला किल्ल्या. मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं, "आई, शाळेत कळलं तर नोकरी जाईल." त्या म्हणाल्या, "मी कोनले सांगस व? मना तोंडले कुलूप शे." आणि खरंच, त्यांनी तोंडाने कुणाला काही सांगितलं नाही. ते मान्य करायला हवं.

श्रावणात कानबाई बसते, आमची खान्देशची देवी. आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं धान्य मोजून घेतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू. बायका मोजायच्या नसतात, बायका दळायच्या, थापायच्या, भाजायच्या. आमच्या घरात सासरे, माझा नवरा आणि दीर. तीन पुरुष, तीन सव्वा मुठी. पिंप्राळ्यातलं आमचं घर म्हणजे गल्लीचा चौकच, शनिवारी सकाळी मोजायला आठ-दहा बायका जमलेल्या. त्यात आमच्या शाळेतली शिपाईमावशीही होती. चार घरं सोडून राहायची. शाळेची घंटा तीच द्यायची आणि शाळेबाहेरच्या बातम्याही तीच.

सासूबाईंनी पहिली सव्वा मूठ टाकली, दुसरी टाकली, तिसरी टाकली. मग डोळे मिटले, हात जोडले आणि चौथी टाकली.

मावशी म्हणाली, "काय व माय, चौथी कोनी? घरमा पुरुष तं तीनच शेतस."

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. "चौथा यी ऱ्हायना," त्या म्हणाल्या.

येतोय म्हणे चौथा. मग आठ-दहा माना एकदम माझ्याकडे वळल्या. मी त्या वेळी नेमकी अ‍ॅप्रनशिवाय होते.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं. मंगळवारी पहिल्या तासाची घंटा होण्याआधी सरांना कळलेलं होतं. घंटा त्या दिवशी पाच मिनिटं उशिरा झाली, कारण देणारी सरांच्या केबिनमध्ये उभी होती.

सरांनी मला आणि अक्काला बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ओरडता येतं. त्यांनी चष्मा काढला, कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, "एका वर्षी एक. मी कुणाला नाही म्हणत नाही. तुम्ही दोघी शिकलेल्या आहात. आपसात ठरवा आणि संध्याकाळपर्यंत सांगा." जणू दोघींनी एकच साडी पसंत केली होती.

मधल्या सुटीत आम्ही प्रयोगशाळेत बसलो. अक्काने डबा उघडला. शेवभाजी होती. तिने अर्धी माझ्या झाकणात काढली, नेहमीसारखी.

"जूनमध्ये माहीत होतं तुला?" तिने विचारलं.

मी थाप मारू शकत होते. माझ्याजवळ तीन तयार होत्या, एकीत तर लॅबवाल्याचा रिपोर्टच चुकलेला होता. मी म्हटलं, "हो."

"माझ्या शेजारी बसून?"

"हो."

ती बराच वेळ भाकरी चुरत राहिली. खाल्ली नाही. मग म्हणाली, "माझं अजून फाईलमध्ये आहे. तुझं पोटात आहे. फाईल कपाटात ठेवता येते."

"अक्का, डॉक्टर म्हणाले होते ना, पुढे ढकलू नका."

"डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात तसं." मग ती हसली. "पण बाई, नंबर मोडायचाच होता तर निदान मला आधी सांगायचंस. मीही एखादा अ‍ॅप्रन घेतला असता."

त्या वेळी मला बोलायला हवं होतं. आपण दोघी मिळून सरांकडे जाऊ, दोघी जाणार म्हणून सांगू, इतर नऊ जणींना सोबत घेऊ, बघू अकराच्या अकरा खुर्च्यांवर ते उशा ठेवतात का. हे वाक्य मला आता दर वेळी नव्या शब्दांत सुचतं. माझ्या नवऱ्याला पगार होता. माझ्या नोकरीवाचून घरातली चूल विझणार नव्हती. पण मला ती नोकरी हवी होती, दहावीचा वर्ग हवा होता, खिशाला पेन लावून पिंप्राळ्याच्या गल्लीतून स्कुटीवर निघायचं होतं. मी म्हटलं, "थँक्यू, अक्का." आणि झाकणातली शेवभाजी खाल्ली. पोटातल्याला भूक लागली होती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी सरांनी कॅलेंडरवरचा ठिपका खोडला नाही. गरजच नव्हती. ठिपक्याला नाव नसतं.

मग मात्र मी राजरोस गरोदर झाले. अ‍ॅप्रन उतरवला. पोट असं वाढलं की फळ्याच्या वरच्या अर्ध्यात मी लिहायचे आणि खालचं अर्धं पोटच पुसत यायचं. दहावीची पोरं म्हणायची, मॅडम, जरा बाजूला व्हा, अर्धं समीकरण तुमच्या साडीवर गेलंय. रस्त्याच्या खड्ड्यांनी तर माझं बाळंतपण शाळेच्या फाटकापाशी चारदा करून टाकलं असतं. नवव्या महिन्यापर्यंत शिकवलं. प्रॅक्टिकलच्या वह्या शेवटच्या आठवड्यात अक्काने तपासल्या. हिंदीवाली बाई, पण भिंगातून जाणारे किरण कुठे मिळतात ते तिने माझ्याकडून दोन तासांत शिकून घेतलं.

स्टाफने डोहाळजेवण केलं, प्रयोगशाळेतच. मला उंच स्टुलावर बसवलं, गळ्यात फुलांची माळ, हातात चंचुपात्रातलं सरबत. सगळ्या ओटी भरायला रांगेत. अक्का रांगेत होती, हातात नारळाचं ताट. तिचा नंबर आला तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाईंनी पुढे होऊन ताट तिच्या हातातून हलकेच काढून घेतलं. "राहू दे, मी भरते तुझ्या वतीने. असू दे." इतक्या प्रेमाने म्हणाल्या की रागावताही येऊ नये. अक्काने ताट दिलं. हात पुसले. माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणते का म्हणून.

माझ्या तोंडात पेढा होता.

मुलगी झाली. सासूबाईंनी दवाखान्यातच डोक्याला हात लावला. माझी नाही, त्यांना त्या चौथ्या मुठीची काळजी होती, देवीपुढे खोटी पडली म्हणून. पुढच्या श्रावणात त्यांनी तीनच सव्वा मुठी मोजल्या. मावशीने विचारलंसुद्धा नाही.

दोन महिन्यांत मी कामावर हजर झाले. माझी खुर्ची होती, वर लाल उशीही होती. जून आला. सर म्हणाले, "यंदा अक्का मॅडम, नाही का?" फार उदार आवाजात. अक्का म्हणाली, "हो, सर." ठिपका काढला गेला. दिवाळीत ती धुळ्याला गेली. सुटी संपल्यावर आली ती डोक्याला तेल लावून, नवी साडी नेसून. मी स्टाफरूममध्ये विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, गेल्या वर्षी यायचं होतं."

एवढंच. मग तिने सातवीचे पेपर काढले आणि तपासायला बसली. लाल पेन चालेना, तर माझं मागितलं.

तो ठिपका त्या वर्षी कॅलेंडरवर तसाच राहिला, नवं कॅलेंडर लागेपर्यंत.

माझी मुलगी आता पाचवीला आहे, आमच्याच शाळेत. हिंदीला अक्का मॅडम. वहीवर शेरा येतो, "अक्षर आईसारखे. सुधारावे." मुलीला ती फार आवडते. घरी येऊन सांगते, अक्का मॅडमने आज डब्यातली शेवभाजी दिली. मी विचारते, किती दिली? मुलगी म्हणते, अर्धी.

मी आता पर्यवेक्षिका आहे. सर तेच, कॅलेंडर दरसाल नवं. गेल्या जूनमध्ये त्यांनी "यंदा कोण?" विचारलं तेव्हा कुणीच बोललं नाही, आणि जूनमध्ये न बोललेलीला पुढे वर्षभर नंबर नसतो. मीटिंगनंतर मला थांबवून म्हणाले, "मॅडम, बायकांचं बायकांना कळतं. लक्ष ठेवा." मी मान हलवली. इतक्या वर्षांत मला मान हलवण्यात पदवी मिळायला हवी होती.

जुलैत भूगोलाची नवी पोरगी अ‍ॅप्रन घालून वर्गात जायला लागली. भूगोलाला अ‍ॅप्रन. तिला माझ्यासारखी बुद्धी असती तर निदान विज्ञान तरी घेतलं असतं. सरांनी स्टाफरूमच्या दारात उभं राहून विचारलं, "या भूगोलाच्या मॅडम अ‍ॅप्रन का घालतात हो?"

पोरगी पांढरीफटक पडली. अक्काने पेपरांवरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. डोहाळजेवणाला बघितलं होतं तसंच.

मी म्हटलं, "खडूची अ‍ॅलर्जी आहे, सर. अंगभर पुरळ उठतं. मी स्वतः पाहिलंय, भारताच्या नकाशासारखं, खाली श्रीलंकासुद्धा वेगळी दिसते. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

सर "अच्छा" म्हणून गेले. पोरगी रडायला लागली. मी मोठ्या ऐटीत अक्काकडे बघितलं. वाटलं, हसेल.

अक्का म्हणाली, "बाजू घेता येते तर तुला." आणि पुढचा पेपर घेतला.

थाप दोन महिने पुरेल. तिसऱ्या महिन्यात श्रीलंका कुणालाही दिसेल. मग सर मला आणि त्या पोरीला दोघींना बोलावतील की एकीलाच, कोण जाणे. नंबर बंद करा म्हणायला मी अजून त्यांच्याकडे गेलेले नाही. रोज मधल्या सुटीत उठते, केबिनपर्यंत जाते, आणि कॅलेंडरवर ठिपका आहे का ते काचेतून बघून परत येते.