पंपघरातली काळी स्क्रीन

माझे सासरे एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात आहेत. नुसत्या आवाजावरून पंपाची तब्येत सांगतील. पण गेल्या वर्षी तिथे कॉम्प्युटर आला आणि त्यांची बोलतीच बंद झाली. पाण्याचा दाब दर मिनिटाला एका फाईलमध्ये आपोआप लिहिला जाई, आणि ती वाचायची तर काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करायचा. माऊस नाही, चित्रं नाहीत.

"सूनबाई, ऑफिसात तू हेच करतेस ना? मग शिकव," म्हणत ते वही घेऊन माझ्यासमोर बसले.

"कॅट हा हुकूम लिहा, पुढे फाईलचं नाव."

माझ्या लॅपटॉपवर एका बोटाने त्यांनी लिहिलं. हजारो ओळी भराभर वर सरकत गेल्या. ते खुर्चीतून उठलेच. "अगं, मोडलं की काय?"

"नुसतं बघितल्याने काही मोडत नाही, बाबा. मोठ्या फाईलला लेस वापरा, पानापानाने दिसते."

दुसऱ्या दिवशी पंपघरातून फोन. "लेसमध्ये शिरलो खरा, पण बाहेर कसं पडायचं? अर्धा तास अडकलोय!"

"क्यू दाबा."

"एवढंच? मी आता वायरच उपटणार होतो!"

शेवटच्या ओळी दाखवणारा टेल मात्र त्यांना एका झटक्यात जमला.

महिन्याभराने एका दुपारी टेकडीवरच्या घरांचे नळ कोरडे पडले. तरुण इंजिनिअरसाहेबांनी फोनवरच निदान केलं, "पंप गेलाय. बंद करा, खोलायला माणसं पाठवतो."

बाबांनी टेल मारून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, पंप बिघडला तर दाब उतरेल. इथे दोन वाजून दहा मिनिटांपासून चढतोय. पुढे कुठेतरी पाणी अडलंय."

मग माणसं पंपघराऐवजी पाइपलाइनवर गेली. रस्ता खोदणाऱ्यांनी दोनच्या सुमारास टेकडीखालची झडप बंद केली होती आणि ते ती उघडायला विसरले होते. तासाभरात नळ वाहू लागले.

संध्याकाळी साहेब स्वतः पंपघरात आले. "काका, बाकीच्या ऑपरेटरांनाही हे शिकवाल?"

बाबा घरी आले ते लाजत लाजतच. मी चहा पुढे केला, तर कप तसाच ठेवून त्यांनी वही उघडली. "सोमवारपासून वर्ग घ्यायचाय. त्या लोकांनी काही भलतंच विचारलं तर माझी फजिती नको. बस इथे, पहिल्यापासून सगळं परत सांग."