शुक्रयानाचा आखूड पंख

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा सांडाल. मी ब्रिस्टलमध्ये विमानांचे पंख डिझाइन करतो. हो, तेच माझं पोटापाण्याचं काम!

आमच्या शेजारचे ब्रायनकाका ऐंशीचे, घरात एकटे. 'काका' म्हटलेलं त्यांना फार आवडतं. त्यांनी दोन वर्षं खपून, साठच्या दशकात शुक्राजवळून गेलेल्या पहिल्या यानाचं मॉडेल केलं. सहा कोनांचा पाया, वर मनोरा, खाली बशीसारखा अँटेना, दोन बाजूंना सोलर पॅनलचे पंख. दीड दिवसाच्या गणपतीला देखावा म्हणून मी तेच मागून आणलं. "शनिवारी लायब्ररीत मांडायचंय, जप," एवढंच म्हणाले बिचारे.

विसर्जन झालं. आता आमच्या आईची शिकवण काय? कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही! मोदकांचा डबा भरलाच, पण यान पुसताना दिसलं, एक पंख आखूड! टोकाला फुलाफुलांच्या कापडाचं ठिगळ.

मी बायकोला म्हटलं, "मंजिरी, काकांचं मटेरियल संपलं वाटतं. मी नीट करून देतो."

"अरे, आधी विचार त्यांना!"

"अगं, पंखांचा इंजिनियर कोण आहे इथे?"

ठिगळ टरकन काढलं, दोन्ही पंख सारखे केले. बघतो तर कॅमेराच नाही! एवढे लांब गेले आणि फोटो नाहीत? आम्ही नुसते शेजारच्या बाथ गावाला गेलो तरी दोनशे काढतो. मग खेळण्यातला एक चिकटवला. आणि त्या ठिगळानं समई पुसली, हळदीकुंकू पुसलं, दिलं कचऱ्याच्या बिनमध्ये टाकून.

काका आले आणि बघतच राहिले. "शीड कुठंय?"

"कसलं शीड?"

तर मूळ यानाचाच एक पंख आखूड होता हो! उन्हाचाही दाब असतो म्हणे. तोल राहावा म्हणून आखूड पंखाला मुद्दाम कापडी शीड लावलेलं. आणि कॅमेरा?

"शुक्र सगळा ढगांत. फोटो कसले काढणार? म्हणून उष्णता, चुंबकत्व, धूळ मोजायची उपकरणं नेली." मग हळूच म्हणाले, "ते कापड मेरीच्या ड्रेसचं होतं."

मेरी म्हणजे त्यांची बायको. गेल्याच वर्षी गेली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! मंजिरीनं बिन उपसून चिंधी शोधली, तीनदा धुतली, पुन्हा शिवून लावली. मी वाढवलेला पंख कापला. हळदीचा पिवळा डाग मात्र जाईना. शुक्रवारी मान खाली घालून यान नेऊन दिलं.

काकांनी डागावरून बोट फिरवलं. "राहू दे. शुक्राचे ढगही पिवळेच असतात. आणि मेरीला तुमच्या घरचं जेवण आवडायचं." माझे डोळेच भरून आले.

शनिवारी लायब्ररीत यान दिमाखात उभं होतं. कॅमेरासुद्धा काढला नव्हता काकांनी! शेजारी चिठ्ठी: 'हा मूळ यानावर नव्हता. माझ्या शेजाऱ्यानं प्रेमानं बसवलाय.'

काकांनी माफ केलं, पण बायको कसली करते! परवा पुण्याला निघालो, तर विमानात सीटवर बसल्याबसल्या हिनं खिडकीतून डावीकडे पाहिलं, मान लांबवून उजवीकडे पाहिलं आणि घाबरून माझा हात धरला.

"अरे, दोन्ही पंख सारखेच दिसतायत. तू हात तर नाही ना लावलास?"