हेल्मेटसाहेबांची साइट

ताईच्या धाकट्या भावाला मजूर पाठीमागे 'हेल्मेट' म्हणत. डोक्यावरचं ते पांढरं हेल्मेट तो जेवतानासुद्धा काढत नसे. इमारत पाडायची पहिली साइट त्याच्या हाताखाली आली, तीही नेमकी बहिणीच्या घराला लागून. साहेबांनी सगळ्यात आधी काय केलं, तर स्वतःसाठी सावलीत खुर्ची टाकली आणि 'सुरक्षा प्रथम' असा फलक रंगवून घेतला. धूळ अडवायची हिरवी जाळी लावली ती फक्त रस्त्याच्या बाजूला, कारण कंपनीच्या मालकांची गाडी तिकडून यायची. ताईच्या बाजूला सगळं उघडंबोडकं.

ताई तळमजल्यावर शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश शिवून ठेवले की त्यावर धुळीचा थर बसायचा. तिने एकदा सांगून पाहिलं.

"इमारत पाडतोय, अत्तर शिंपडत नाहीये," असं म्हणून तो आपल्याच विनोदावर हसला.

तळमजला पाडायचा होता त्या सकाळी ताईला पलीकडच्या भिंतीतून पाण्याची खळखळ ऐकू आली. तिने खिडकीतून विचारलं, "अरे, पाणी बंद केलंस ना?"

"केलंय. तू तुझी शिवण सांभाळ."

कसलं केलंय! मुख्य व्हॉल्व्ह खड्ड्यात होता, खड्ड्यात चिखल होता आणि साहेबांचे बूट कोरे होते. जेसीबीने भिंतीला हात घातला, पाइप फुटला आणि गढूळ पाण्याचा लोंढा थेट ताईच्या खोलीत शिरला. ती खाली बसून चिखलातून गणवेश गोळा करू लागली. भाऊ उंबऱ्याबाहेरच थांबला. "पाइपच जुना होता," म्हणाला.

तेवढ्यात मालक आले. "या कोण?"

"शेजारच्या बाई आहेत. जरा तक्रारखोर."

ताईने हातातला ओला गणवेश खाली ठेवला. आई आजारी असताना याला तिने कडेवर वागवलं होतं, याच्या नाकाचा शेंबूड पुसला होता. ती उठली आणि आवाज न चढवता म्हणाली, "मी याची सख्खी थोरली बहीण. पाणी बंद केलंस का, असं सकाळीच विचारलं होतं याला. खड्ड्यात बघून या, व्हॉल्व्ह उघडाच असेल."

मालक बघून आले. व्हॉल्व्ह उघडाच होता. त्यांनी भावाला साइटवरून काढून गोदामाच्या राखणीला बसवलं. नव्या सुपरवायझरने चारी बाजूंनी जाळी लावली आणि गणवेश धुऊन आणून दिले. काही गेले ते गेलेच.

आठवड्याभरात मावशीचा फोन आला. "तुझ्यापायी पोराची पार शोभा झाली. सख्ख्या भावासाठी गप्प नाही राहवलं तुला?"

ताईने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि गंजलेल्या शिलाई मशीनला तेल घालायला बसली. इतकी वर्षं ती त्याला नुसता आळशी समजत आली होती; सख्ख्या बहिणीला तो 'शेजारच्या बाई' म्हणेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.