सांडव्यावरची पाळ

नागपंचमीच्या सकाळी आमच्या घरात वाफेचा वास असतो. त्या दिवशी तवा चुलीवर चढत नाही, विळीला कोणी हात लावत नाही, आणि पुरणाची दिंडं चाळणीत ठेवून उकडतात. ओल्या फडक्याचा, गुळाचा, वेलदोड्याचा तो उबट वास कुठेही आला की आजही माझे तळहात थंड पडतात. त्या वर्षी त्याच वासातून उठून मी बांधावर गेले होते.

आमच्या वस्तीच्या वर, परंड्याकडच्या माळावरून येणाऱ्या ओढ्याचा लोंढा अडवायला घातलेला मातीचा बांध आहे. त्यामागे लहानसं तळं साठतं. जास्तीचं पाणी बाजूने निघून जावं म्हणून बांधाच्या एका टोकाला सांडवा काढलेला आहे. दुष्काळाची ओळीने दोन वर्षं सोसल्यावर सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी लोकांना बघवेना. उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहावं तसे ते पाहत. मग एका उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून सांडव्यावर मुरमाची कंबरभर पाळ घातली. तेवढंच पाणी अधिक थांबेल. मीही पाट्या वाहिल्या. पाटी रिकामी होताना मुरमाचा होणारा खसखशीत आवाज मला आवडला होता, हेही कबूल करायला हवं.

बांधाच्या वस्तीकडच्या उतारावर एक वारूळ आहे. पंचमीला बायका तिथे लाह्या आणि दूध वाहतात, म्हणून ते कधी कोणी हलवलं नाही.

त्या पंचमीआधी तीन दिवस पाऊस उघडलाच नव्हता. पूजेला वाकले तेव्हा पायांना गार लागलं. वारुळाच्या पायथ्याशी, गवतातून, बोटभर जाडीचं पाणी वाहत होतं. त्याचा आवाज पावसाच्या आवाजात मिसळत नव्हता. घशाशी अडकलेलं काही बोलायचा कोणी प्रयत्न करावा, तसा तो येत होता.

"नागोबा न्हायला आज," एक जण म्हणाली आणि बायका हसल्या.

शेजारचे म्हातारे पूर्वी तलावांवर चौकीदार होते. त्यांना मी हाताला धरून आणलं. त्यांनी माझ्या हातातली दुधाची वाटी मागून घेतली, विसळली, आणि ते पाणी तीत धरलं. आम्ही वाट पाहिली. वाटीच्या तळाशी हळदीसारखी बारीक माती बसली.

"नितळ आलं असतं तर बांधाला घाम फुटलाय म्हणलो असतो," ते म्हणाले. "हे माती घिऊन यायलंय. बांध आतनं पोकळ व्हायलाय."

तोवर माझे धाकटे दीर येऊन उभे राहिले होते. "वैनी, तुमची कविता न्हाय ही, वाटीत बगून अर्थ लावायला. चिखलाचा बोळा कोंबू, झालं."

"तोंड दाबलं तर दुसरीकडनं फुटंल, शहाण्या," म्हातारे म्हणाले. "वाळू टाका, त्यावर खडी, त्यावर दगड. पाणी येऊ द्या, माती येऊ द्यायची न्हाय. आन सांडव्यावरची पाळ आत्ताच्या आत्ता काडा. तळं खाली आल्याबिगर काय खरं न्हाय."

दिरांचा चेहरा उतरला. त्यांचं जेसीबी सांडव्याजवळच्या आमच्याच शेतात उभं होतं. पण पंचमीला जमिनीला लोखंड लावत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही, खुरपंसुद्धा नाही. आमच्या घरात हे नुसतं रिवाजापुरतं नव्हतं. फार वर्षांपूर्वी, वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, निघून जाईल म्हणून, सासऱ्यांनी पंचमीच्या दिवशी तासभर कुळवाची पाळी घातली होती. त्याच श्रावणात त्यांचा थोरला मुलगा, माझ्या नवऱ्याचा मोठा भाऊ, सर्पदंशाने गेला. सासूबाईंनी त्या दोन गोष्टींना गाठ मारून ठेवली आणि ती गाठ सोडवण्याची आमच्यापैकी कोणाची प्राज्ञा नव्हती.

"आईनं सांगितलं तरच चावी लावीन," दीर म्हणाले. "न्हायतर न्हाय. माजीबी दोन लेकरं हायत वैनी."

"ती दोन लेकरं बांधाखालीच आहेत, भावजी," मी म्हणाले.

वाळू वाहण्याला मात्र कसली आडकाठी नव्हती. एका घराचं बांधकाम चालू होतं, तिथला ढीग आम्ही बायकांनी पाट्यांनी उपसला. वाळू ओतावी आणि पाण्याने ती शांतपणे बाजूला सारावी. बोटभर धार मनगटाएवढी झाली. खडी टाकली, तेव्हा ती क्षणभर थबकली आणि पुन्हा पिवळी वाहू लागली. वर तळं पाळीला टेकलं होतं. तहसील कचेरीत फोन केला, तर पलीकडून साहेब वाटेत असल्याचं सांगण्यात आलं. वाट कुठली ते मला दिसत होतं: ओढ्यावरचा फरशी पूल सकाळीच बुडाला होता. वस्तीतून बाहेर पडायला एकच रस्ता उरला होता आणि तो बांधाच्या माथ्यावरून जात होता. लेकरांना त्यावरून न्यावं की घरात ठेवावं, हे ठरवण्याची वेळ कुठल्याच आईवर येऊ नये.

मी वाटी घेऊन घरी धावले.

वस्ती आजही जागेवर आहे, हे इथेच सांगून टाकते. कोणाला टांगून ठेवण्याची माझी इच्छा नाही. पण सासूबाई त्यानंतर कधी वारुळाला गेल्या नाहीत. पंचमीला त्या दिवसभर पाणीही घेत नाहीत, आणि संध्याकाळी दिवा लावेपर्यंत नातवंडांना अंगणाबाहेर पडू देत नाहीत.

मी पोचले तेव्हा त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. दिंडांची वाफ त्यांच्या मागून येत होती. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. "आत्या, सांडव्यावरची पाळ..." मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य मला जमेना. इतकी वर्षं शब्दांशी वागून एकही उपयोगाचा शब्द हाताशी नव्हता. मी वाटी पुढे केली.

त्यांनी तीत बोट बुडवलं. तळची माती अंगठ्याने चोळली.

"वस्तीतली पोरं कुठायत?"

"घराघरात आहेत सगळी. बांधाखालीच."

त्या बोटावरच्या मातीकडे पाहत राहिल्या. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मग त्यांनी तो हात पदराला पुसला, डोळे मिटले, आणि मला म्हणाल्या,

"उकरा."